गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी

मागच्या पावसाळ्यात ताईची पुण्याहून गुरुग्रामला बदली झाली. घरसामान रवाना झालं, मुलांचे शाळेचे दाखले काढून झाले आणि शेवटी उरली ती गाडी. चार वर्षांची, एकहाती वापरलेली. चौदाशेच्या वर किलोमीटर अंतर, सोबत दोन लहान मुलं आणि भावोजी आधीच तिकडे रुजू झालेले. गाडी चालवत नेणं शक्यच नव्हतं. तिने एका संकेतस्थळावर 'पुणे ते गुरुग्राम' असं भरून मोबाइल नंबर दिला. पुढच्या अर्ध्या तासात अकरा फोन आले. प्रत्येकाचा भाव वेगळा, इतका की सर्वांत कमी भाव सर्वांत जास्तीच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. आणि सगळ्यांचं म्हणणं मात्र एकच, "मॅडम, आमचीच कंपनी, आमचेच ट्रेलर."

तिने त्यातल्या स्वस्तातल्या एकाला काम दिलं. पाच दिवस सांगितलेली गाडी तेराव्या दिवशी आली, तीही रात्री साडेअकराला, भर पावसात. आणणारा माणूस घाईत होता. ताईने मोबाइलच्या उजेडात गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सही केली. सकाळी बघते तर मागच्या डाव्या दाराला तळहाताएवढा पोचा, आणि किलोमीटरचा आकडा १४० ने पुढे गेलेला. तक्रारीला उत्तर आलं, "गाडी सुस्थितीत मिळाली, असं तुम्हीच लिहून दिलंय." ते खरंच होतं. छापील पोचपावतीवर तसं वाक्य होतं आणि खाली तिची सही.

त्या प्रकरणात हाती काही लागलं नाही. पण मी त्यानंतर या धंद्याची चौकशी सुरू केली, कायदा वाचला, चाकणच्या बाजूला ट्रेलर चालवणाऱ्यांशी बोललो. त्यानंतर घरातल्या आणि ओळखीतल्या तीन गाड्या आम्ही लांब पाठवल्या आणि तिन्ही धड पोचल्या. मला कळलेलं मुख्य म्हणजे, आपण गाडी नुसती 'पाठवत' नसतो. आपण ती काही दिवसांसाठी अनोळखी माणसांच्या ताब्यात देत असतो. म्हणून भाव विचारण्याआधी विचारायचं ते हे: गाडी कोणत्या वेळी कोणाच्या ताब्यात असेल, आणि कागदावर ते नाव आहे का?

भाव एवढे वेगळे का असतात

भारतातली कारवाहतूक मुळात आपल्या जुन्या गाड्यांसाठी उभी राहिलेली नाही. ती कारखान्यांसाठी आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात गाड्या तयार होतात, तशाच त्या हरियाणात गुरुग्राम-मानेसरला, तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला आणि गुजरातेत साणंद-हंसलपूरला होतात. तिथून नव्या कोऱ्या गाड्या लांबलचक बंद ट्रेलरमध्ये दोन मजल्यांवर रचून देशभरच्या शोरूमकडे निघतात. नवीन गाड्या उतरवल्या की ट्रेलर रिकामा होतो. रिकामा परत आणायचा तर डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार सगळा खर्च अंगावर. मग परतीच्या वाटेवर जे भाडं मिळेल ते घेतलं जातं. आपली गाडी त्या परतीच्या भाड्यात बसते.

हे समजलं की भावाचं कोडं बरंचसं सुटतं. पुणे-गुरुग्राम किंवा पुणे-चेन्नई या दोन्ही टोकांना कारखाने आहेत, त्यामुळे ट्रेलरची ये-जा सतत असते, भाडं आवाक्यात राहतं आणि जागा लवकर मिळते. तेच कोल्हापूरहून गुवाहाटीला गाडी पाठवायची असेल, तर थेट जाणारा ट्रेलर मिळणं कठीण. गाडी आधी पुण्याला येणार, तिथे एखाद्या यार्डात थांबणार, दुसऱ्या ट्रेलरवर चढणार आणि कदाचित वाटेत तिसऱ्यावर. माझ्या मते गाडीला खरा धोका हमरस्त्यावर नसतो, तो या चढ-उताराच्या वेळी असतो. अरुंद रॅम्प, दोन्ही बाजूंना चार बोटं जागा, दार पूर्ण उघडत नाही आणि गाडी चढवणाऱ्याला अंधार पडायच्या आत अजून पाच गाड्या चढवायच्या असतात. म्हणून "किती दिवस लागतील?" याच्याआधी "वाटेत ट्रेलर किती वेळा बदलणार?" हे विचारा. या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस निदान काम जाणणारा तरी असतो.

ट्रेलर भरल्याशिवाय हलत नाही, हेही गृहीत धरा. हा नियम रेल्वेलाही चुकला नाही. कोकण रेल्वे १९९९ पासून मालट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून नेते, ती रो-रो सेवा आपल्याला माहीत आहे. २०२५ च्या गणेशोत्सवात तिने पहिल्यांदा चाकरमान्यांच्या कारसाठी कोलाड ते वेर्णा अशी फेरी काढली. एका कारचं भाडं ७,८७५ रुपये, एका फेरीत ४० गाड्यांची जागा, आणि अट अशी की निदान १६ गाड्यांची नोंदणी झाली नाही तर फेरी रद्द. खाजगी ट्रेलरवाल्याचं गणितही हेच असतं, फक्त तो ते छापून सांगत नाही. तो "उद्या उचलतो" म्हणतो, गाडी खरंच उद्या उचलतो आणि उरलेल्या गाड्या जमेपर्यंत ती यार्डात उभी करून ठेवतो. ताईच्या तेरा दिवसांपैकी सात दिवस गाडी पुणे जिल्ह्यातच होती, हे आम्हाला नंतर कळलं.

रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून दुचाकी सहज पाठवता येते. एकट्या कारसाठी मात्र ती वाट सहसा कामाची नाही. रेल्वेने जाणाऱ्या कार बहुतांशी कंपन्यांच्या, गाडीच्या गाडी भरून जाणाऱ्या असतात. त्यामुळे आपल्यासमोर उरतात ते मार्ग थोडे. बंद ट्रेलर हा नेहमीचा आणि माझ्या पसंतीचा. उघड्या ट्रेलरमध्ये भाडं कमी, पण खडी, झाडांच्या फांद्या आणि दगड यांना गाडी सामोरी जाते. एकच गाडी नेणारा सपाट पाट्याचा ट्रक महाग, पण दोनतीनशे किलोमीटरसाठी किंवा बंद पडलेल्या, खूप जुन्या किंवा महागड्या गाडीसाठी योग्य. चौथा मार्ग म्हणजे भाड्याचा ड्रायव्हर देऊन गाडी चालवत नेणं. ओळखीचा ड्रायव्हर असेल तर तो करावा, नाहीतर नाही.

फोनवरचा माणूस कोण आहे

संकेतस्थळावर नंबर टाकला की तो बऱ्याचदा विकला जातो. घेणारे अनेक असतात, म्हणून एकाच वेळी इतके फोन येतात. त्यातले बरेच जण दलाल असतात. त्यांच्याकडे ना ट्रेलर ना यार्ड. ते आपल्याकडून काम घेतात, आपला हिस्सा ठेवतात आणि गाडी ट्रेलरवाल्याच्या हवाली करतात. दलाली हा काही गुन्हा नव्हे. चांगला दलाल मार्ग जाणतो, योग्य ट्रेलर गाठून देतो आणि अडचण आली तर फोन उचलतो. घोळ होतो तो दलाल स्वतःला वाहतूकदार म्हणवतो तेव्हा, कारण मग गाडी अडकली की तो ट्रेलरवाल्याकडे बोट दाखवतो आणि ट्रेलरवाला म्हणतो, "मी तुम्हाला ओळखतच नाही."

म्हणून मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: "बिल्टी कोणाच्या नावाने निघेल?" बिल्टी म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, काही जण तिला एलआर म्हणतात. आपल्या गाडीचा क्रमांक, इंजिन आणि चासी क्रमांक, कुठून कुठे, कोणाला द्यायची, भाडं किती, जाहीर केलेली किंमत किती, हे सगळं तिच्यावर हवं. व्हॉट्सॲपवर आलेलं कोटेशन म्हणजे बिल्टी नव्हे. कंपनीच्या नावाचा शिक्का मारलेला घरसामानाचा कागदही बिल्टी नव्हे.

ज्याच्या नावाने बिल्टी, त्याचीच पारख करायची. त्याचा जीएसटी क्रमांक मागा आणि तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. नोंदणीचं नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, हे दोन मिनिटांत दिसतं. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याने १८६५ चा जुना कायदा मोडीत काढला. या कायद्यानुसार वाहतूकदाराला नोंदणी करावी लागते, तो नोंदणी क्रमांकही मागता येतो. नावाकडे नीट बघा. एखाद्या नामांकित कंपनीच्या नावापुढे एक शब्द जोडून डझनभर दुकानं थाटलेली असतात, रंग आणि बोधचिन्ह इतकं जवळचं की नजर फसते. शक्य असेल तर त्यांच्या यार्डात एकदा जाऊन या. मी दोनदा गेलो, आणि एकदा दिलेल्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं.

"आम्ही आयबीए अप्रूव्हड आहोत" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. आयबीए म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन. बँका व्यापाऱ्यांना मालाच्या बिल्टीवर पैसे देतात, त्यासाठी कोणत्या वाहतूकदाराच्या बिल्टीवर भरवसा ठेवायचा याची यादी ही संघटना करते. यादीत नाव असणं चांगलंच, पण ती तुमच्या गाडीच्या दाराला पोचा येणार नाही याची हमी नाही. शिवाय नुसत्या बोलण्यावर न जाता यादीत नेमकं तेच नाव आहे का हे तपासा.

विमा: इथे थांबून वाचा

सगळ्यात जास्त गैरसमज विम्याबद्दल असतात आणि सगळ्यात जास्त पैसेही तिथेच जातात.

कोटेशनमध्ये 'इन्शुरन्स' म्हणून गाडीच्या किमतीच्या एक ते तीन टक्के रक्कम लावलेली असते. ती विमा कंपनीला जाते, अशी आपली समजूत. बऱ्याचदा तसं होत नाही. काही वाहतूकदार ती रक्कम स्वतःकडेच ठेवतात आणि काही झालं तर आपण बघून घेऊ म्हणतात. म्हणून विमा घेत असाल, तर विमा कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र गाडी चढण्याआधी हातात हवं. त्यावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, आपल्या गाडीचा क्रमांक, किंमत, कुठून कुठे आणि तारखा असाव्यात. पॉलिसी क्रमांक घेऊन विमा कंपनीच्या ग्राहक सेवेला थेट फोन करा. फोन करण्याचा आळस करू नका. आणखी एक गोष्ट: वाहतुकीचा विमा सगळ्या जोखमींचाही असतो आणि फक्त अपघात, आग, ट्रेलर उलटणं अशा ठरावीक जोखमींचाही. ओरखडे आणि पोचे दुसऱ्या प्रकारात बसत नाहीत. प्रमाणपत्रावर नेमका कोणता प्रकार आहे ते विचारा.

आता फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट. तुमच्या गाडीची नेहमीची पॅकेज पॉलिसी, म्हणजे ज्याला आपण 'फुल्ल इन्शुरन्स' म्हणतो ती, काढून वाचा. गाडीच्या नुकसानीच्या भागात जोखमींची यादी असते: आग, चोरी, दंगल, भूकंप, पूर वगैरे. त्या यादीत शेवटाकडे एक ओळ असते. गाडी रस्त्याने, रेल्वेने, अंतर्गत जलमार्गाने, लिफ्टने किंवा हवाई मार्गाने नेली जात असताना झालेलं नुकसान. म्हणजे ट्रेलर उलटून गाडीचा चुराडा झाला, तर तुमच्या स्वतःच्याच विम्याचं संरक्षण असतं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र हे नाही.

मग वेगळा विमा कशाला? छोट्या नुकसानीसाठी. दाराच्या पोच्यासाठी स्वतःच्या पॉलिसीवर दावा केला, तर दाव्याशिवायच्या वर्षांची सवलत जाते, आणि ती पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत असते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये आपल्याच खिशातले. बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा सोय, घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. माझा सल्ला असा: गाडी फार महागडी नसेल तर आपली पॅकेज पॉलिसी चालू आहे आणि वाटेत संपत नाही याची खात्री करा, आणि वेगळा विमा खरा असेल तरच घ्या. खोट्या विम्यावर हजारो रुपये घालवण्यापेक्षा न घेतलेला बरा.

विम्याखेरीज वाहतूकदाराची स्वतःचीही जबाबदारी असते, पण तिला मर्यादा आहे. २०११ च्या नियमांनुसार ती भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. भाडं १५,००० रुपये असेल तर मर्यादा दीड लाख. गाडी आठ लाखांची असली तरी दीड लाखच. जास्तीची जबाबदारी हवी असेल तर वाहतूकदाराशी तसं ठरवून जादा दर द्यावा लागतो आणि ते बिल्टीवर यावं लागतं. त्याच बिल्टीवर बारीक अक्षरात 'ओनर्स रिस्क' असं छापलेलं आहे का तेही बघा. एकीकडे विम्याचे पैसे घेऊन दुसरीकडे 'मालकाच्या जोखमीवर' लिहिलेले कागद मी स्वतः पाहिले आहेत.

गाडी देताना

गाडी धुऊन द्या. चिखलाखाली ओरखडे लपतात आणि मग ते आधीचे की नंतरचे हा वाद मिटत नाही. दिवसाउजेडी, उचलायला आलेल्या माणसासमोर, चारही बाजूंनी, छताचा, चाकांच्या रिम्सचा, आतल्या सीटचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढा. त्याच्या कंडिशन रिपोर्टवर, म्हणजे गाडीच्या स्थितीच्या कागदावर, जुने ओरखडे लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

मोठा ट्रेलर सोसायटीच्या दारात येत नाही. कोणीतरी येऊन गाडी चालवत यार्डापर्यंत नेतो, आणि पोचल्यावर तिकडच्या यार्डातून कोणीतरी घरी आणतो. हे दोन तुकडे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाहीत. ताईच्या गाडीचे १४० किलोमीटर इथेच कुठेतरी गेले. यार्ड किती लांब आहे ते आधी विचारा, "याहून जास्त किलोमीटर चालणार नाही" असा आकडा लिहून घ्या, आणि जमलं तर स्वतः यार्डात नेऊन द्या. तिथे गाडी कशी बांधतात तेही दिसेल: चाकांना पट्टे आणि पुढेमागे गुटके हवेत.

टाकीत पाव टाकीहून जास्त इंधन ठेवू नका. डिकीत गाद्या, मिक्सर, भांडी भरून पाठवायचा मोह आवरा. त्यावर सहसा कोणताही विमा लागू होत नाही आणि हरवलं तर सिद्ध करता येत नाही. आरसीची मूळ प्रत देऊ नका, आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती पुरतात. चावी एकच द्या. फास्टॅग काढून घ्या किंवा बंद करून ठेवा, कारण ट्रेलरवरच्या गाडीचा टॅगही टोलनाक्यावर वाचला जाऊ शकतो आणि पैसे तुमच्या खात्यातून जातात. ट्रेलरचा क्रमांक आणि ड्रायव्हरचा नंबर घ्या. ट्रेलरचा क्रमांक एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला की त्याची वैधता कळते.

पैशांबाबत माझा नियम कडक आहे. उचलताना थोडी आगाऊ रक्कम, उरलेले गाडी बघून झाल्यावर. सगळे पैसे आधी मागणाऱ्याला काम देऊ नका. या धंद्यातली नेहमीची फसवणूक अशी की गाडी ताब्यात गेल्यावर फोन येतो: वाटेत कर लागला, जकात लागली, एवढे पाठवा नाहीतर गाडी यार्डात अडकेल. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर बंद झाली. आणि वापरातलं खाजगी सामान ई-वे बिलाच्या, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या, सक्तीतून वगळलेलं आहे. अशा मागणीला, "पावती पाठवा, बिल्टीवर लिहा," एवढंच उत्तर द्या.

गाडी घेताना

रात्री गाडी घेऊ नका. ड्रायव्हर कितीही गयावया करो, "सकाळी आठला या" म्हणा. घ्यावीच लागली, तर सही करताना पोचपावतीवर हाताने लिहा: 'रात्री, अपुऱ्या उजेडात घेतली, तपासणी बाकी.' आणि दिवसा घेतली तरी आधी गाडी बघा, जुना व्हिडिओ उघडून ताडून बघा, नवीन नुकसान असेल तर ते पावतीवर लिहा आणि मगच सही करा. ताईने हे एक वाक्य लिहिलं असतं, तर आमच्या हातात काहीतरी असतं.

नुकसान झालं तर फोनवर भांडत बसण्यापेक्षा लेखी नोटीस द्या. रस्ते वाहतुकीच्या कायद्यानुसार दावा लावण्याआधी अशी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पोचलेली असावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. ऑनलाइन पैसे घेऊन माणूसच गायब झाला असेल, तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा. तास जितके कमी जातील तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

राहिला नोंदणीचा भाग. दुसऱ्या राज्यात गाडी सलग बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल, तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, लागते. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर बँकेचं संमतीपत्रही. वर्षाच्या आत परतणार असाल तर या भानगडीत पडू नका. दिल्ली परिसरात नेत असाल आणि गाडी दहा वर्षांच्या आसपासची डिझेल असेल, तर तिथले सध्याचे नियम ट्रेलर ठरवण्याआधीच बघा. ताईची बदली दोन वर्षांची होती, म्हणून तिने पुण्यातून एनओसी काढली, हरियाणाचा रस्ता कर भरला आणि नवा क्रमांक मिळाल्यावर इथे भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागायला अर्ज केला. त्या अर्जाला गाडी परराज्यात नोंदल्याचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून नव्या आरसीची प्रत जपून ठेवा.